निरोपाचे टी-शर्ट

दिवंगत व्यक्तीचे छायाचित्र छापलेले टी-शर्ट अंत्यविधीसाठी मागवले जातात, तेव्हा हाताशी जेमतेम एक-दोन दिवस असतात आणि मिळालेले छायाचित्र बहुधा समूहचित्रातून कापलेले, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेले असते. छातीवर १० इंच रुंदीची स्वच्छ छपाई हवी असेल, तर ३०० डीपीआयच्या, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांच्या, हिशेबाने ३,००० पिक्सेल लागतात. अशा कापलेल्या चेहऱ्यात पुष्कळदा त्याच्या पावपटही नसतात. मूळ फाइल मिळालीच नाही, तर मी चेहरा लहान ठेवतो. सॉफ्टवेअरने तो गुळगुळीत करणे मला पटत नाही, कारण गालावरचा तीळ पुसला गेला की घरच्यांना आपलेच माणूस परके वाटू लागते.

काळा शर्ट हवा असेल, तर सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून ती कापडात मुरवणे, बाद होते, कारण ती शाई पॉलिस्टरच्या फिकट कापडावरच नीट उठते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापताना, प्रत्येक रंगाला जाळीची वेगळी चौकट लागते आणि वीस-पंचवीस नगांसाठी तो खटाटोप परवडत नाही. उरते डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापलेल्या चित्रावर पांढऱ्या शाईचा थर देऊन, गोंदाची भुकटी वितळवून, ते उष्णतेने कापडावर दाबणे.

नाव आणि दोन्ही तारखा मात्र मी एकाच नातेवाइकाकडून लेखी तपासून घेतो. एकदा जन्मसाल चुकले. चूक निरोप पाठवणाऱ्याची होती, तरी सगळे नग मी रातोरात पुन्हा छापले, कारण त्या घरी हिशेब काढण्याची ती वेळ नव्हती.