साडेआठची भाकरी

गोंधळी बाबांच्या बिदागीतून पाचशे रुपये कापले गेले ते माझ्यामुळे. हे मी सोडून कुणाला ठाऊक नाही. आक्काला असावं, पण ती बोलणार नाही.

शिरूरच्या अलीकडे, नगर रस्त्यापासून आत, एका कृषी पर्यटन केंद्राचं स्वयंपाकघर मी सांभाळते. डिसेंबर ते फेब्रुवारी आमचा हुरड्याचा सीझन. पुण्याहून बस येते, दुपारी हुरडा, संध्याकाळी बैलगाडी, रात्री लोककलेचा कार्यक्रम आणि चुलीवरचं जेवण. माहितीपत्रकात या शेवटच्या भागाला ‘लोकरंग भोजन’ असं गोंडस नाव आहे. म्हणजे पाहुण्यांनी खुर्चीत बसून गोंधळ किंवा भारूड बघायचं आणि मग जेवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण कला आणि भाकरी यांना एकाच घड्याळावर बसवणं किती कठीण आहे, हे चुलीपाशी बसल्याशिवाय कळत नाही.

आधी हुरड्याचं सांगते, कारण त्या दिवशी घोळ तिथूनच सुरू झाला. हुरडा म्हणजे दाण्यात दूध भरून जरा घट्ट झालेली, पण अजून हिरवी ज्वारी. एका वावरात ही अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. म्हणून आमचे मालक सुरती आणि गुळभेंडी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरतात. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी लावायची, धगीत कणसं खुपसायची आणि भाजली की गरम असतानाच हातावर चोळून दाणे पाडायचे. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही. झालं. पण खाणारा समोर असला पाहिजे. पाच-दहा मिनिटं गेली की दाणा चिवट होतो, मग तुम्ही सोन्याची चटणी द्या, काही उपयोग नाही. लोक विचारतात, पार्सल मिळेल का? मी आता नुसती हसते.

भाकरीचंही तसंच. पीठ आठवड्याभरातलं हवं. जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भाकरी थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना मधून तुटते. आमचं पीठ मालदांडीचं. गिरणी मंगळवारी आणि शुक्रवारी, एवढ्यासाठी मी मॅनेजरशी एक अख्खा सीझन भांडले आहे. काठवटीत गरम पाण्यानं पीठ मळायचं, तळहाताच्या टाचेनं रगडायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायचं आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला टेकवून फुगवायचं. पापुद्रा सुटला तर भाकरी. नाहीतर ती ज्वारीची पोळी, काहीही म्हणा. एक बाई तासाला पंचवीस करते, फार तर तीस. माझ्याकडे चार जणी: आक्का, दोन मामी आणि आक्काची सून. म्हणजे तासाला शंभर. शनिवारी पाहुणे होते १३८. दोघांत चार धरल्या तरी पावणेतीनशे भाकरी.

आता हिशेब करा. जेवण साडेआठला असेल तर पहिली भाकरी साडेसातला पडली पाहिजे, म्हणजे काउंटर उघडताना शंभर तयार आणि पुढच्या ताटाताटाला चालू. साडेसातच्या आधी सुरू केलं तर दुरडीतल्या खालच्या भाकरी वाफेनं घामेजतात. उशिरा केलं तर रांग. मॅनेजरला वाटतं भाकरी म्हणजे बिसलेरीची बाटली, आदल्या दिवशी मोजून ठेवावी. चांगला माणूस आहे, हॉटेल मॅनेजमेंट केलेला, पण त्याच्या प्रत्येक वेळापत्रकात चूल हा शब्द कुठेच नसतो.

शनिवारची पार्टी पुण्यातल्या एका कंपनीची. बस तीनला पोचायची ती वाघोलीच्या कोंडीत अडकली आणि पाचनंतर आली. उजेड जाईपर्यंत कसाबसा हुरडा झाला. निम्म्या लोकांनी तो अंधारात मोबाइलच्या टॉर्चखाली खाल्ला आणि उरलेल्यांनी खाण्याआधी त्याचे इतके फोटो काढले की तो गार झाला. जादूचे प्रयोग रद्द. बैलगाडी एकच फेरी. त्यामुळे गोंधळ आठऐवजी पावणेनऊला, आणि जेवण साडेआठऐवजी साडेनऊला, असं मॅनेजरने मला पावणेआठला येऊन सांगितलं. तोवर आमची पंचविसावी भाकरी तव्यावर होती.

गोंधळी बाबा संध्याकाळपासून आलेले. त्यांच्याबरोबर संबळवाला भाऊ, तुणतुण्यावर नातू आणि झांजेला एक जण. नातू असेल दहा-अकराचा. थंडीत कातडं सैल पडतं म्हणून भावानं संबळ आणून माझ्या चुलीच्या बाजूला ठेवलं आणि अधूनमधून येऊन बोटानं टिचकी मारून बघत होता. मला ते आवडलं. माझ्या चुलीचा त्या कार्यक्रमाला तेवढा तरी हातभार.

बाबांनी स्टेजवर चौक मांडला. खरा. पाट, त्यावर खणाचं कापड, तांदूळ, कलश, विड्याची पानं, नारळ. आमच्या डेकोरेटरने मागे थर्मोकोलचं देऊळ उभं केलं होतं आणि शेणानं सारवलेल्या ओट्यावर लाल कार्पेट अंथरलं होतं. बाबांनी कार्पेटचा तेवढा कोपरा दुमडला आणि पाट सारवणावर ठेवला. मग आमच्याच वावरातली ज्वारीची पाच ताटं, कणसांसकट, मागून घेतली आणि चौकावर उभी करून शेंड्याला बांधली. चौकाच्या वर झाला तो मांडव.

मॅनेजर त्यांना म्हणाला, “बाबा, आज वेळ कमी आहे. सुरुवातीचं ते नावं घेण्याचं जरा कापा, डायरेक्ट गाण्यांवर या.”

बाबा म्हणाले, “नावं घेतल्याबिगर सुरू कसं करू? मोरगावच्या गणपतीला बोलावलं, जेजुरीच्या खंडोबाला बोलावलं, आन तुळजापूरच्या आईला म्हणू, आज वेळ नाय?”

मॅनेजर हसला. त्याला तो विनोद वाटला. बाबा कदमराई गोंधळी आहेत, म्हणजे तुळजाभवानीचे. रेणुराई असतात ते माहूरच्या रेणुकेचे. त्यांच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. लग्नानंतर, जावळानंतर लोक त्यांना घरी बोलावतात, रात्रभर जागवतात, पुरणाचा नैवेद्य करतात. तिथे नावं कापायची सोय नसते, कारण ज्याला बोलावलं नाही तो देव रुसतो.

इथे मला आमच्या घंटेबद्दल सांगायला हवं. स्वयंपाकघराच्या दाराशी रेल्वे रुळाचा एक तुकडा टांगलाय, शाळेत असायचा तसा. जेवण तयार झालं की तो वाजवायचा, ही माझीच कल्पना. पाहुण्यांना गंमत वाटते आणि मला मॅनेजरमागे धावावं लागत नाही. ठरलेलं असं की कार्यक्रम संपल्याशिवाय वाजवायचा नाही.

नऊ वाजता गोंधळ सुरू झाला. उशीर आणखी वाढला कारण माइक शिट्टी मारत होता. मी आतून ऐकत होते. बाबा एकेका ठिकाणचं नाव घेत होते, प्रत्येक नावामागे संबळ चढत होतं. मोरगाव, जेजुरी, पंढरपूर. मग देवी: कोल्हापूर, तुळजापूर, माहूर, सप्तशृंगी. मग गावोगावच्या जाखाई-जोखाई. माझ्या समोर दुरड्यांत एकशे तीसहून जास्त भाकरी. धडप्याखाली हात घातला तर खालची घामेजली होती. मटणाचा रस्सा आटत आला, पिठल्यावर साय धरायला लागली. पिठलं हे तर भाकरीहूनही नाठाळ. सव्वानऊ झाले. बाबा अजून नावांवरच.

मी बाहेर गेले आणि रूळ वाजवला.

खरं कारण काय होतं? भाकरी? की मॅनेजरचा “तुमच्याकडून लेट नको हं ताई” हा पावणेआठचा टोमणा? की, आणि हे लिहायला मला आवडत नाही, माझी भाकरी त्यांच्या गोंधळापेक्षा मोठी आहे असं मला त्या क्षणी वाटलं? रोज कलाकारांसाठी टाळ्या वाजतात. चूल कुणाला दिसत नाही.

शंभर खुर्च्या एकदम सरकल्या. पाच मिनिटांत समोर दहा-बारा माणसं उरली, त्यातली निम्मी मोबाइलवर शूट करणारी. बाबा थांबले नाहीत. त्यांनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही. नातवानं तेवढं एकदा उठणाऱ्या लोकांकडे वळून पाहिलं, तुणतुणं चालूच.

मी काउंटरपाशी आले. रांग लागली, दुरड्यांतल्या सगळ्या भाकरी बघता बघता संपल्या. मागे वळून म्हटलं, “आक्का, येऊ द्या.” मागे कुणी नव्हतं.

चार चुली, चार तवे, एका तव्यावर भाकरी करपतेय. चौघी जणी स्टेजच्या बाजूला उभ्या होत्या, पदर डोक्यावर, हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. बाबांच्या हातातली दिवटी मंदावली होती. बुधलीतलं तेल संपलं असावं. इतका वेळ चालेल असं त्यांनाही वाटलं नसेल. आक्का वळली, माझ्या अंगावरून आत गेली, तेलाच्या डब्यातून वाटीभर तेल घेतलं आणि जाऊन दिवटीवर ओतलं. ज्योत भसकन मोठी झाली. तिनं पिठाच्या हातानंच नमस्कार केला. बाबांनी तिच्या कपाळाला हळद लावली. मग मामी. मग सून. धाकटी मामी कपाळाला हळद आणि नाकाला पीठ अशी परत आली, ते मी विसरणार नाही.

हे सगळं मोजलं तर सहा-सात मिनिटं. पण रिकामी ताटं घेऊन तीस माणसं काउंटरला उभी असली की सात मिनिटं फार असतात. एक बाई म्हणाल्या, “आम्ही बाराशे रुपये दिलेत, भाकरीसाठी वाट बघायची?” मॅनेजर धावत आला. मी म्हटलं, “लाकूड ओलं निघालं.” बाभळीचं लाकूड, जूनपासून शेडमध्ये वाळत पडलेलं. किती सहज खोटं बोलले मी.

आक्कावर मी ओरडले, हेही सांगून टाकते. ती तव्यावरची करपलेली भाकरी काढत म्हणाली, “आईचा गोंधळ चालू हाय आन दिवटी इझू द्यायची व्हय?” आणि पुढची थापायला बसली. तिच्या दृष्टीनं विषय संपला.

पुरणपोळी हा दुसरा घोळ. त्या रात्री गोड म्हणून १५० पुरणपोळ्या केल्या होत्या, मोजून. चौकासमोर नैवेद्याला एक ठेवावी हे मला सुचलंच नाही. वीस वर्षं स्वयंपाक करतेय, घरी कुळाचार करते, आणि कामावर आले की पोळी म्हणजे ‘एक पीस पर हेड’. बाबांनी मागितली नाही. आरती केली, समोर गुळाचा खडा ठेवला, तो त्यांच्याच पिशवीतला.

कलाकारांचं जेवण सगळ्यांच्या शेवटी. ते बसले तेव्हा अकरा वाजायला आले होते. पुरणपोळी उरली नव्हती. मटण त्यांनी चौकाच्या दिवशी घेतलं नाही. भरीत थोडं होतं. भाकरी गार, मी म्हटलं पुन्हा चूल पेटवते. बाबा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ताई, दमला असाल. दूध हाय का?” भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. नातू दोन घास खाऊन ताटावरच पेंगला. बाबांनी त्याच्या हातातला घास काढून स्वतःच्या ताटात घेतला.

तेवढ्यात मॅनेजर पाकीट घेऊन आला. ठरलेले साडेचार हजार, त्यातून पाचशे कमी. “बाबा, तुम्ही फार लांबवलंत, गेस्ट कंटाळून उठले.” मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होते. गेस्ट का उठले हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. बाबांनी पाकीट मोजलं नाही. कपाळाला लावलं आणि खिशात टाकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, पण रूळ कुणी वाजवला हे त्यांना स्टेजवरून दिसलं असेल की नाही, सांगता येत नाही. स्वयंपाकघराच्या दारावरचा दिवा चांगला मोठा आहे.

रविवारी सकाळी दुसरी बस. आगटीवाल्या पोरानं कणसं कमी पडतात म्हणून स्टेजवरची ती पाच ताटं उचलून आणली. कणसं अजून हिरवी होती, हुरड्याला अगदी नेमकी. आक्कानं त्याच्या हातातून ओढून घेतली आणि माझ्या कोठीच्या दारावर बांधली. ती तिथेच आहेत, वाळतायत, चिमण्या दाणे टिपतात.

काल मॅनेजरने पुढच्या शनिवारचं वेळापत्रक पाठवलं. त्यात लिहिलंय: ‘८.३० – गोंधळ व जेवण (एकत्र)’. खाली माझ्यासाठी स्मायली. मी अजून उत्तर दिलेलं नाही. पाचशेची एक नोट बाजूला काढून ठेवली आहे, पण ती काय म्हणून द्यायची, ते ठरत नाही.