क्लिप-पी उघडं ठेवणारी प्रतिजैविकं: कुठला आकडा खरा मानायचा?

बहुतेक प्रतिजैविकं जिवाणूचं एखादं काम बंद पाडतात. असायलडेप्सिपेप्टाइड, थोडक्यात एडेप, हा गट मात्र क्लिप-पी नावाचं प्रोटिएझ, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, मोकाट सोडतो. हे २००५ साली उघड झालं.

क्लिप-पी म्हणजे सात-सात उपघटकांची दोन कडी एकमेकांवर ठेवून झालेलं पिंप. चौदाही सक्रिय जागा आतल्या पोकळीत, आणि आत शिरायचं भोक इतकं अरुंद की घडी पडलेलं प्रथिन जाऊच शकत नाही. एरवी क्लिप-एक्स किंवा क्लिप-सी ही साथीदार प्रथिनं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून घडी उलगडतात आणि धागा आत ढकलतात. हे साथीदार जोडले जातात ते पिंपाच्या तोंडाजवळच्या, दोन शेजारी उपघटकांमधल्या जलविरोधी खाचांत. एडेप तिथेच जाऊन बसतं. साथीदाराला जागा उरत नाही, भोकही रुंदावतं, आणि रायबोसोमवर अजून तयार होत असलेली प्रथिनं एटीपीशिवाय कापली जाऊ लागतात. बॅसिलस जिवाणूत एफटीएस-झेड, म्हणजे पेशी दुभंगायला लागणारं प्रथिन, लवकर संपतं. म्हणून कमी मात्रेत पेशी दुभंगत नाही, लांबच लांब वाढते.

एडेपच्या रेणूत दोन जागी बदल करता येतो. एक, फेनिलअलॅनिन आणि त्याची मेदाम्ली शेपूट: तिथे ३,५-डायफ्लुओरो रूप आणि हेप्टेनॉइल शेपूट चांगली बसते. दुसरी, पाच अमिनो आम्लांचं वलय. वलय जितकं ताठ तितकी पकड घट्ट. सेरिनच्या जागी अ‍ॅलो-थ्रिओनिन घालण्यामागचं कारण हेच. डायफ्लुओरोफेनिलअलॅनिनचा शेपटीसकटचा तुकडा एकटाही क्लिप-पी जागं करतो, पण वलयाशिवाय जोर कमी.

फसगत होते ती मोजणीत. नेहमीची चाचणी एफआयटीसी-केसीनची, म्हणजे चमकणारा रंग जोडलेल्या दुधातल्या प्रथिनाची: कापलं की चमक वाढते, ४८५ नॅनोमीटरला उत्तेजन, ५३५ च्या आसपास वाचन. समजा क्लिप-पी १ मायक्रोमोलर घेतलं, उपघटकांच्या हिशोबाने. खाचाही तेवढ्याच. मग रेणू कितीही पकडणारा असो, निम्म्या परिणामाची मात्रा साधारण ०.५ मायक्रोमोलरच्या खाली उतरतच नाही. पाच चांगले रेणू एकाच आकड्यावर अडकलेले दिसले तर आधी हे तपासा. एन्झाइम पातळ करा, पण फार नको. कडी सुटू शकतात. लेखात 'क्लिप-पी १ मायक्रोमोलर' एवढंच लिहिलेलं असलं की मला चीड येते, कारण उपघटक की अख्खं पिंप, यात चौदापट फरक आहे.

चाचणीसाठी क्लिप-पी बनवताना हिस्टिडिन टॅग (प्रथिन वेगळं काढायला जोडलेला छोटा तुकडा) सी-टोकाला लावा. एन-टोकाची वळणंच भोकाचं दार असतात, तिथे टॅग लावला तर मोजमाप बिघडतं. इ. कोलायमध्ये बनवत असाल तर त्याचं स्वतःचं क्लिप-पी नसलेला वाण घ्या, नाहीतर मिश्र पिंपं मिळतात.

नियंत्रणं दोन हवीतच. सक्रिय सेरिन अ‍ॅलानिनने बदललेलं क्लिप-पी: त्यातही चमक वाढली तर दोष बहुधा रेणूच्या स्वतःच्या चमकेचा. आणि क्लिप-पी जनुक काढलेला जिवाणू: तोही मरत असेल तर मारणारं काहीतरी वेगळंच आहे, बहुधा पेशीपटल फुटतंय.

याच दुसऱ्या चाचणीत या गटाचं मोठं दुखणं दिसतं. स्टॅफिलोकोकस ऑरियसला क्लिप-पीवाचून जगता येतं, त्यामुळे साधारण दहा लाखांत एक पेशी जनुक बिघडवून निसटते. एकटं एडेप म्हणून पुरत नाही. २०१३ मध्ये उंदरांतल्या खोलवरच्या संसर्गावर याच गटातलं एडेप-४ रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकासोबत वापरलं, तेव्हा सुप्त पेशींसकट जिवाणू साफ झाले. क्षयाच्या जिवाणूत क्लिप-पी अत्यावश्यक आहे, पण तिथे एडेप मुख्यतः साथीदाराचं काम अडवून मारतं; केसीनच्या आकड्यावरून तिथला अंदाज बांधू नका.

माणसाच्या मायटोकाँड्रियातही क्लिप-पी असतं, आणि कर्करोगावरचं औषध ओएनसी-२०१ तेच जागं करतं. म्हणून मानवी क्लिप-पीवरची चाचणी पहिल्याच फेरीत, त्याच प्लेटवर, तेवढ्याच एन्झाइमने लावावी.