तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो मी का निवडून देत नाही

जून लागला की इथे आयोवात मला ओळखीच्या आईबापांचे मेसेज यायला लागतात, कारण जुलैत काउंटी फेअर असते, म्हणजे जिल्ह्याची जत्रा, आणि मुलं तिथे आपले फोटो देतात. "ताई, यातला कुठला देऊ?" आणि खाली व्हॉट्सॅपवर नऊ-दहा फोटो. सूर्यास्त, कुत्रा, परत सूर्यास्त, धाकट्या भावाचा क्लोजअप, आजीच्या अंगणातली रांगोळी. मी लिहिते, मी निवडत नाही, ज्या मुलाचा फोटो आहे त्यालाच विचारा. मग समोरून काहीच येत नाही. मागच्या पिकनिकला तर एकीने सरळ तोंडावर म्हटलं, तुमच्या मुलीचा फोटो डी मॉइनला राज्याच्या स्टेट फेअरला गेला होता ना, मग आम्हाला सांगायला तुमचं काय जातंय. ते लागलं मला. मी काही लपवून ठेवत नाहीये, पण चार लोकांत हातात प्लेट धरून ही गोष्ट सांगता येत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी जे सांगता येतं ते सगळं सांगते, म्हणजे सांगत नाही असं तरी कुणी म्हणायला नको. फोटो मागच्या काउंटी फेअरनंतर काढलेला हवा. भारतात मागच्या वर्षी जूनमध्ये काढलेला फोटो कितीही सुंदर असला तरी या जुलैत चालत नाही, यावरून दर वर्षी एका तरी घरात रडारड होते. दुसरं म्हणजे साइझ. कॅमेऱ्याचा फोटो ३:२ असतो, फोनचा बहुतेक वेळा ४:३, आणि आपण सगळे प्रिंट मागवतो ८ बाय १०, म्हणजे ४:५. काहीतरी कापलं जाणारच. ते दुकानातल्या मशीनवर सोडलं तर ते मधला भाग धरून दोन्हीकडून सारखं कापतं, मग गाईचा एक कान जातो. म्हणून मुलांनाच घरी बसून कापायला लावा, काय गेलं तर चालेल हे त्यांना ठरवू दे. ८ बाय १० नीट यायला २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, आणि व्हॉट्सॅपवरून फिरून आलेला फोटो तिथेच मार खातो, मूळ फाइल शोधा. फोनचा ब्राइटनेस फुल करून फोटो ठरवू नका, प्रिंट त्याहून काळपटच येते. आधी ४ बाय ६ ची स्वस्तातली प्रिंट काढून खिडकीपाशी धरून बघायची. मशीनवरचं ऑटो करेक्शन बंद करायचं, नाहीतर संध्याकाळचा पिवळा उजेड ते पांढरा करून टाकतं. चकचकीत कागदावर बोटं उठतात, लस्टर किंवा मॅट कागद घ्या. माउंटच्या पुठ्ठ्याची खिडकी साडेसात बाय साडेनऊ कापायची, म्हणजे प्रिंट चारी बाजूंनी पाव-पाव इंच धरली जाते. स्प्रेचा गोंद घाईत मारला की दुसऱ्या दिवशी फुगे येतात. काच नको, फ्रेम नको.

हे सगळं मी फोनवर अर्धा अर्धा तास सांगितलंय, विचारा कुणालाही. पण तुमचा प्रश्न हा नसतोच. तुमचा प्रश्न असतो कुठला फोटो जिंकेल. आणि तिथे माझी गाडी अडते, कारण एक तर तिथे मुलं एकमेकांविरुद्ध नसतातच, डॅनिश पद्धत आहे, प्रत्येक फोटो ठरलेल्या कसाला लावून बघतात आणि निळी, लाल किंवा पांढरी रिबन देतात, वीस मुलं चांगली असली तर विसाच्या वीस निळ्या. स्टेट फेअरसाठी मग त्यातले थोडे निवडतात. आणि दुसरं म्हणजे जज फोटो एकटा बघत नाही, मूल समोर बसतं आणि दोघं बोलतात. फोटोबरोबर द्यायचं शीट तुमच्या मुलांनी भरलंय, त्यावर हेच विचारलेलं असतं, तुझं ध्येय काय होतं, कसं केलंस, काय शिकलास. मी निवडलेल्या फोटोबद्दल तुमचा मुलगा काय बोलणार?

हे मला कसं कळलं ते सांगते.

लेक तेव्हा अकरा वर्षांची होती, नुकतीच पाचवी संपली होती. तिने निवडलेला फोटो असा होता: आमच्या घरामागचा खडीचा रस्ता, डावीकडे घोट्याएवढं सोयाबीन, लांब दोन पत्र्याचे गोल धान्याचे बिन, संध्याकाळचा आडवा उजेड, आणि या सगळ्यावरून आडव्या जाणाऱ्या विजेच्या तीन वायरी. उजेड खरंच सुंदर होता. पण वायरी. मी तिला म्हटलं, अगं या वायरींनी आकाशाचे तुकडे केलेत, दुसरा बघ. ती म्हणाली, "आई, हाच." का, तर "असाच." मी दोनदा विचारलं, दोनदा "असाच". मग मला राग आला, असाच म्हणजे काय, एवढे दोनशे फोटो काढलेत. पण एंट्रीचा दिवस दुसऱ्या दिवशीच होता.

रात्री ती झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. खरं तर फक्त सरळ करणार होते, क्षितिज जरा उजवीकडे कललं होतं, ते मी सरळ केलं आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. मग उजेड थोडा वाढवला. मग वाटलं, एक वायर काढून बघू. पुसायचा ब्रश असतो, हळूहळू फिरवायचा, शेजारचं आकाश ओढून तो जागा भरतो. पहिली वायर गेली आणि फोटो मोकळा झाला, एकदम श्वास घेतल्यासारखा, मग दुसरी, मग तिसरी. मधल्या वायरीवर एक काळा ठिपका होता, मोठा करून बघितला तर कडेला किंचित लाल. मला वाटलं सेन्सरवरची धूळ असेल. तोही गेला. पाऊण तास लागला मला आणि मी खूश होते, खोटं कशाला सांगू, नवऱ्याला उठवून दाखवला. तो झोपेत म्हणाला, मस्त. सकाळी आठला दुकानातून प्रिंट आणली, ती दात घासत होती तोवर किचनच्या ओट्यावर माउंटमध्ये बसवली, वर पातळ कागद ठेवला, पुठ्ठ्यात बांधली. तिने विचारलं, बघू? मी म्हटलं, बोटं उठतील, तिकडेच उघडू. ते शीट तिने मुलांच्या क्लबच्या मीटिंगमध्येच भरून फाइलमध्ये ठेवलं होतं. मी स्पेलिंग बघणार होते, राहून गेलं.

जज एक वयस्कर बाई होत्या, चष्मा दोरीला, आवाज मऊ. आम्ही आईबाप मागे खुर्च्यांवर, ऐकू येईल इतक्या अंतरावर. बाईंनी पुठ्ठा सोडला, कागद बाजूला केला, आधी शीट वाचलं, मग फोटो बघितला, मग परत शीट वाचलं. आणि विचारलं, मग तो पक्षी कुठे आहे?

लेक पुढे वाकली. तिने बोट प्रिंटवर धरलं, न टेकवता, एखादा सेंटीमीटर वर, तसंच शिकवलं होतं तिला, आणि जिथे मधली वायर होती तिथून डावीकडून उजवीकडे नेलं. परत उलटं आणलं. मग तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ती मला काहीतरी विचारत होती आणि मी खुर्चीत बसून राहिले.

बाईंनी विचारलं, हा तू एडिट केलास का? आणि ती म्हणाली, हो. मी पुसला.

मी उठून सांगायला हवं होतं. पाच पावलांवर होते. मी नाही उठले. त्या वेळी मी मनात म्हटलं की मध्ये बोलणं बरं दिसत नाही, मुलाची मुलाखत आहे, नियम आहे. आता लिहिताना ते कारण मलाच पटत नाहीये, पण तेव्हा मी ते खरंच मानलं होतं. बाईंनी तिला समजावून सांगितलं की असा बदल केलेल्या फोटोंसाठी वेगळा वर्ग आहे, तिथे आधीचा आणि नंतरचा दोन्ही फोटो लावतात, पुढच्या वेळी तिकडे दे. आणि म्हणाल्या, तू जे लिहिलं आहेस ते वाचून मला तो पक्षी बघायची फार इच्छा झाली होती. लाल रिबन दिली. लेक थँक यू म्हणून उठली.

शीट मी गाडीत वाचलं. तिने लिहिलं होतं की हा रस्ता त्याचा आहे आणि तो किती लहान आहे ते मला दाखवायचं होतं.

तुम्हाला तो पक्षी माहिती आहे. काळा, खांद्यावर लाल पट्टा, त्याखाली पिवळी कड, रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड. रस्त्याकडेच्या चरात उंच गवतात घरटं असतं आणि मे-जूनमध्ये जवळून कुणी गेलं की डोक्यावर झेप घेतो. लेक मैत्रिणीकडे सायकलवरून जायची तेव्हा तो रोज तिच्या हेल्मेटवर यायचा. ती घाबरायची हे मला माहीत होतं, मी म्हणायचे, जोरात चालव. त्या संध्याकाळी ती मुद्दाम लांब उभी राहिली होती, त्याला राग येणार नाही इतकी लांब, आणि तो वायरीवर बसून राहिला, आला नाही. तो फोटो. हे तिने मला रात्री सांगितलं, मी विचारल्यावर नाही, आपणहून, आणि आधी विचारलं, "आई, तुला तो दिसलाच नव्हता का?"

दिसला होता. मी त्याला धूळ समजले.

आता काही जण म्हणतील की एवढं काय, लाल रिबनच तर. आणि मदत सगळेच करतात. त्या रात्रीची मीसुद्धा हेच म्हणत होते. आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनाचे मॉडेल कुणी केले? माझं सांगलीच्या शाळेतलं थर्माकोलचं धरण बाबांनी केलं होतं, रात्री जागून, दिवे लागायचे त्यात, आणि परीक्षकांनी विचारलं की पाणी टर्बाइनवर कसं येतं तेव्हा मी धरणाच्या बाजूला उभी राहून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. ते मला लख्ख आठवतं. तरी मी तेच केलं, आणि बाबांच्या धरणात मला उत्तर आलं नाही एवढंच, इथे तर पोरीकडे उत्तर होतं, मी ते पुसलं.

त्यानंतर मी हात काढून घेतला. पुढच्या वर्षी तिने दिला तो सायकलच्या सीटवर जमलेल्या हिमकणांचा, मला तो अगदी साधा वाटला होता, मी दिला नसता, आणि तोच स्टेट फेअरला गेला. तुम्हाला सगळ्यांना एवढंच माहिती आहे. त्याच्या पुढच्या वर्षीचं कुणी विचारत नाही. तिने धावत्या कुत्र्याचा फोटो दिला, शटर स्पीड कमी पडलेला, डोळे हललेले. मला ४ बाय ६ वरच दिसलं होतं. मी बोलले नाही, कारण मी आता बोलत नाही असं ठरवलं होतं. पांढरी रिबन मिळाली आणि ती मला म्हणाली, तुला दिसत होतं तर सांगितलं का नाहीस? मग मी काय करायला हवं होतं, सांगा. ब्लेड मी धरते, पुठ्ठा मी कापते, कारण मॅट कटरने मोठ्यांचीही बोटं कापतात. दुकानात मी नेते, पैसे मी भरते. हललेले डोळे दाखवणं ही मदत की निवड? मला अजून कळलेलं नाही. नवरा म्हणतो, दाखव आणि गप्प बस. पण एकदा दाखवलं की तिच्या नजरेतही तो फोटो तसाच होऊन बसतो, हे मी बघितलंय.

आणि अजून एक कबूल करते. वायरी नसलेला तो फोटो मी डिलीट केलेला नाही. अधूनमधून उघडते. तो अजूनही मला छान दिसतो, आकाश मोकळं आहे, उजेड पत्र्यावर बरोबर पडलाय. मूळ फोटो शेजारी ठेवला तरी माझं मत पूर्ण बदलत नाही. म्हणून तर तुमच्या पोरांचे फोटो मी निवडू नयेत.

यंदा पाठवणार असाल तर पाठवा, मी नाही म्हणत नाही. मूळ फाइल पाठवा, पिक्सेल पुरतात का, तारीख बसते का, कापताना काय जाईल ते बघून सांगते. फक्त फोन कराल तेव्हा पोराला शेजारी बसवा आणि स्पीकरवर टाका. आधी तो मला सांगेल की त्यात काय काय आहे, अगदी कोपऱ्यातलं, ठिपक्याएवढं असलं तरी. त्याचं सांगून झालं की मग मी फाइल उघडीन.