माझा अनुभव : गेममधल्या दोस्तांमुळे आयटीत नोकरी लागली, पण आडनाव आधी की नाव आधी यात अडकली

ऑफर लेटर हातात असताना घरी बसून राहावं लागलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. गावात पेढे वाटून झाले होते. "कधी जातं रे पुण्याले?" असं पारावर रोज कोणीतरी विचारायचं आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. कारण काय, तर 'नाव जुळत नाही'.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, तालुक्याच्याच कॉलेजातून. कॅम्पसला कोणतीही कंपनी आली नाही, त्या भागात येतही नाही. आयटीत नेमकं काय काम असतं हे मला सांगितलं ते माझ्या गेमिंगच्या ग्रुपनं. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर बंदी आली तेव्हा बरेच ग्रुप फुटले. आमचा टिकला, कारण आम्ही डिस्कॉर्डवर, म्हणजे गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या अ‍ॅपवर, बोलत राहिलो आणि हळूहळू लॅपटॉपवर माइनक्राफ्ट खेळायला लागलो. मॅच संपली की गप्पा कामावर जायच्या. बडनेऱ्याचा दादा नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये रात्रपाळी करायचा. अकोल्याचा एक भाऊ डेटाबेस सांभाळायचा. नाशिकची ताई सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होती. पगार, पाळ्या, बॉस, इंटरव्ह्यूत काय विचारलं, सगळं मोकळेपणानं सांगायचे. आमच्या घरात कोणी ऑफिसात काम केलेलं नाही, त्यामुळे त्या गप्पा माझ्यासाठी फार मोलाच्या होत्या.

गावात पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, कधी चाळीस, कधी दोनशेच्या वर. मी टॉवरला शिव्या द्यायचो. एकदा बडनेऱ्याचा दादा म्हणाला, "शिव्या कायले देतं, ट्रेसरूट मार अन् कोणत्या हॉपवर वाढते ते मले दाखव." ट्रेसरूट म्हणजे आपला डेटा वाटेत कोणकोणत्या टप्प्यांवरून (हॉपवरून) जातो ते दाखवणारी कमांड. तिथून माझं शिक्षण सुरू झालं. मग मी माझ्या लॅपटॉपवर माइनक्राफ्टचा सर्व्हर लावला, बाहेरच्यांना आत येता यावं म्हणून राउटरमध्ये २५५६५ पोर्ट उघडला, तरी बाहेरून कोणालाच जोडता येईना. दादानं राउटरचा वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा आयपी पत्ता, वाचायला लावला. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या मधला निघाला. म्हणजे इंटरनेट कंपनीनं अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला होता, त्यामुळे बाहेरून माझ्या राउटरपर्यंत कोणी पोहोचूच शकत नव्हतं. शेवटी सगळ्यांनी वर्गणी काढून क्लाउडवर एक छोटा लिनक्स सर्व्हर भाड्यानं घेतला आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. एसएसएचनं दुरून सर्व्हरवर काम करणं, फायरवॉल, बॅकअप हे सगळं मी तिथं शिकलो.

सीसीएनए या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेची फी तेव्हा ३०० डॉलर होती, वर कर. तेवढे पैसे नव्हते, म्हणून परीक्षा दिली नाही. अभ्यास मात्र पूर्ण केला. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे खोटं नेटवर्क उभारून सराव करायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं, त्यावर रोज सराव करा. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांचे छोटे गट पाडणं, तोंडपाठ नको, हातात बसलेलं पाहिजे. स्लॅश सव्वीस (/२६) आकाराचा गट म्हटल्याबरोबर ६४ पत्ते आणि त्यातले वापरायला ६२ हे डोक्यात यायला हवं.

इंटरव्ह्यू सोपा गेला. टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धतींतला फरक विचारला. टीसीपी हरवलेला डेटा पुन्हा पाठवतं, यूडीपी पाठवत नाही. मी गेमचंच उदाहरण दिलं: समोरचा खेळाडू अर्ध्या सेकंदापूर्वी कुठं होता ही माहिती पुन्हा मागवून उपयोग नाही, तोपर्यंत तो पुढं गेलेला असतो, म्हणून वेगवान गेम बहुधा यूडीपी वापरतात. पुढचे प्रश्न आमच्या सर्व्हरवरच झाले. ऑफर आली. मला अजूनही त्याचा अभिमान वाटतो.

आणि मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे आपण दिलेली माहिती खरी आहे का याची तपासणी.

कंपनी हे काम स्वतः करत नाही, एका बाहेरच्या एजन्सीला देते. एजन्सीचा ऑनलाइन फॉर्म असतो, त्यात फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम असे तीन वेगळे रकाने. मी पॅनप्रमाणे भरलं: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपल्या महाराष्ट्रात दहावीच्या बोर्डापासून विद्यापीठापर्यंत मार्कशीटवर आडनाव आधी असतं. माझ्या आधारवर तर वडिलांचं नावच नाही, फक्त नाव आणि आडनाव. तीन कागद, तीन तऱ्हा. माणूस एकच आहे हे कोणत्याही मराठी माणसाला एका नजरेत कळेल. एजन्सीच्या रिपोर्टात मात्र माझ्या शिक्षणासमोर पिवळा, म्हणजे पडताळणी अडकल्याचा, शेरा पडला आणि जॉइनिंगची तारीख पुढं गेली.

एजन्सीला फोन केला तर म्हणे विद्यापीठाकडून उत्तर आलेलं नाही, तुम्हीच पाठपुरावा करा. विद्यापीठाचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा. एसटीनं गेलो. परीक्षा विभागाच्या एका खिडकीवर सांगितलं, पडताळणीचा अर्ज एजन्सीनं करायचा असतो, विद्यार्थ्यानं नाही. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, अर्ज आला असेल तर ऑनलाइन दिसेल. ऑनलाइन 'प्रलंबित' दिसत होतं. का प्रलंबित, हे कोणालाच सांगता येईना. साहेब मीटिंगमध्ये. मग जेवणाची सुट्टी. मग संध्याकाळची बस निघून जाईल म्हणून मलाच निघावं लागलं. असं पुन्हा पुन्हा झालं. तिकडं एचआरचा मेल, की ठरलेल्या मुदतीत रिपोर्ट हिरवा झाला नाही तर ऑफरचा पुनर्विचार करावा लागेल. त्या दिवसांत घरी कापूस वेचणी चालली होती आणि मी शेतात उभा राहून मोबाइलवर मेल रिफ्रेश करत होतो. मजूर मिळत नसताना मी अर्धा दिवस बसस्टँडवर घालवायचो, तरी वडील एक शब्द बोलले नाहीत. उलट तेच मला जास्त लागत होतं.

मधेच पत्त्याची पडताळणी. हा फोन वडिलांच्या नंबरवर आला. बँकेवाल्यांनी गावात येऊन सांगितलेलं, की अनोळखी माणसाला काही सांगू नका. वडिलांनी "मले काई ठाऊक नाही" म्हणून फोन ठेवला आणि ते बरोबरच केलं. पण तिकडं नोंद झाली, की उमेदवार पत्त्यावर आढळला नाही. म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा, अमुक कामासाठी फोन येणार आहे, ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, बाकी नाव-गाव सांगायचं. आमच्या घराला नंबरची पाटी नाही. मी ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा आणि घरटॅक्सची पावती जोडली, ते चाललं.

विद्यापीठाचं कोडं सुटलं ते एका वयस्कर मॅडममुळे. त्यांनी मला आत बोलावलं, एजन्सीचा मेल उघडला आणि म्हणाल्या, "अरे बाबू, यांनी तुझं नाव आधी लिहिलं. आमच्या रेकॉर्डात आडनावावरून शोधतात. या नावानं इथं कोणीच सापडत नाही. सीट नंबर कुठं आहे?" मेलमध्ये सीट नंबर नव्हता. पीआरएन, म्हणजे विद्यापीठानं दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक, नव्हता. उत्तीर्ण झाल्याचं सत्रसुद्धा नव्हतं. फॉर्ममध्ये मी हे सगळं भरलेलं असताना एजन्सीनं पुढं पाठवलंच नव्हतं. इतके दिवस दोन ऑफिसं एकमेकांची वाट पाहत होती आणि चकरा मी मारत होतो.

त्या रात्री डिस्कॉर्डवर सगळे थांबले. अकोल्याचा भाऊ म्हणाला, तिथं नावं बहुतेक सॉफ्टवेअरच ताडून पाहतं, क्रम बदलला की त्याच्यासाठी माणूस बदलला, तू माणसाकडून तपासणी मागून घे. ताईनं मेलचा मसुदा करून दिला. एका पानावर तक्ता: कोणत्या कागदावर नाव कसं छापलंय, कोणता भाग आडनाव, कोणता वडिलांचं नाव. खाली सीट नंबर, पीआरएन, परीक्षेचं सत्र. सोबत मार्कशीट, डिजिलॉकरमधली दहावी-बारावीची मार्कशीट आणि तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. मेल एजन्सीला, एचआरला आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला एकत्र पाठवला, म्हणजे कोणाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. एजन्सीनं विद्यापीठाला नव्यानं मेल केला, मॅडमनी उत्तर पाठवलं आणि शेरा हिरवा झाला. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते वावरातच होते, तिथूनच आईला हाक मारून सांगितलं.

या गडबडीत आधारवरचं नाव बदलायला धावू नका. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि मग बँक, पॅन, सगळीकडे नवा घोळ होतो. आणि व्हेरिफिकेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटच्या नावाखाली कोणी तुमच्याकडे पैसे मागत असेल तर ती नोकरी नाही, फसवणूक आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका पोराकडे असे पैसे मागितले होते, ताईनं वेळेत थांबवलं.

आता मी रात्रपाळीला असतो. अलार्म आला की तिकीट उघडायचं, लिंक तपासायची, आपल्यानं होत नसेल तर ठरलेल्या वेळेत वरच्या टीमला द्यायचं. ग्रुपमध्ये नवीन आलेली पुसद-दिग्रसची पोरं मला विचारतात, सुरुवात कशापासून करू. पॅकेट ट्रेसरचं सांगतोच, पण त्याच्याही आधी सांगतो, की सगळ्या सेमिस्टरची हॉलतिकिटं स्कॅन करून ठेवा, सीट नंबर आणि पीआरएन एका कागदावर लिहा, आणि पदवी प्रमाणपत्राचा अर्ज निकाल लागला त्याच महिन्यात करून टाका.