४० केबीत पऱ्हाटीचं वावर : जुन्या कॅसेटसाठी गेम लिहिताना

आपल्याकडे ज्याला नुसतंच ‘टीव्ही गेम’ म्हणत, ती बहुतेक यंत्रं निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल होती. त्या कॅसेटसाठी आजही नवा गेम लिहिता येतो आणि त्याची साधनं फुकट मिळतात. असेम्ब्लीसाठी, म्हणजे प्रोसेसरच्या थेट भाषेत लिहायला, सीसी६५ हा संच पुरतो. तपासायला मेसेन हा इम्युलेटर (संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) उत्तम. लॅपटॉप फार जुना असेल तर एफसीईयूएक्स हलका पडतो.

उदाहरणाला ओळखीचा विषय घेऊ : रात्रीची जागल. पऱ्हाटीत (कापसात) रोही म्हणजे नीलगाई शिरतात, जागल्याने डबा वाजवून त्यांना धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे हाकलायचं.

साध्या कॅसेटमध्ये (एनरॉम) प्रोग्रामला ३२ केबी आणि चित्रांना ८ केबी जागा असते. यंत्राची रॅम २ केबी. त्यातली पहिली २५६ बाइट झीरो पेजला (प्रोसेसर झटकन वाचतो ती जागा), पुढची २५६ स्टॅकला (प्रोसेसरची तात्पुरती नोंद) आणि आणखी २५६ स्प्राइटच्या, म्हणजे पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्रांच्या, यादीला देण्याचा प्रघात आहे. उरतात १२८०. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी हा हिशेब चौकटीच्या वहीत मांडा. नंतर मांडला तर अर्धा गेम पुन्हा लिहावा लागतो.

पडदा २५६ × २४० पिक्सेलचा, म्हणजे ८ × ८ च्या टाइलचे ३२ स्तंभ आणि ३० ओळी. रंगाचं पॅलेट मात्र टाइलगणिक बदलता येत नाही, १६ × १६ च्या चौकोनालाच लागतं. म्हणून एक झाड म्हणजे एक चौकोन, चार टाइल. एका तासात (पिकाच्या ओळीत) १६ झाडं, अशी १२ तासं : १९२ झाडं, प्रत्येकी एक बाइट. वरची आणि खालची जागा गुण व धुऱ्याला. मधूनमधून तुरीचं तास घातलं की वावर वऱ्हाडातलं दिसतं, आणि त्याला फक्त एक वेगळं पॅलेट लागतं.

इथेच सगळ्यात मोठी बचत होते. पॅलेट ठरवणाऱ्या एका बाइटमध्ये चार चौकोनांची माहिती असते. एका झाडाचा रंग बदलायचा तर शेजारच्या तिघांचे बिट जपावे लागतात, त्यासाठी रॅममध्ये ६४ बाइटची प्रत ठेवावी लागते. त्यापेक्षा खाल्लेलं झाड उभ्या झाडाच्याच रंगांत काढा : मातीचा तपकिरी, पानाचा हिरवा, बोंडाचा पांढरा. पांढरा आणि हिरवा काढून घेतला की खुंट उरतो. पॅलेटला हात लावायची गरजच राहत नाही.

आता रोही. पडद्यावर एकूण ६४ स्प्राइट, पण एका आडव्या रेषेवर आठच. नवव्यापासून पुढचे दिसत नाहीत. १६ × १६ चा रोही रेषेवर दोन जागा घेतो, जागल्याही दोन. म्हणजे एका तासात तीन रोही आणि जागल्या : बरोबर आठ. प्रत्येक तासात किती जनावरं आहेत याची १२ बाइटची यादी ठेवा, आणि चौथा आला तर त्याला धुऱ्यावर थांबवा. रोही तास ओलांडत असताना दोन्ही तासांत मोजायचा. हे राहून गेलं की जनावराचं अर्धं अंग गायब होतं. बॅटरीचा झोत स्प्राइटने काढू नका, तो ही आठची मर्यादा लगेच खाऊन टाकतो. झोत पडलेल्या रोह्याचं पॅलेट बदला, डोळे चमकवा. काम होतं आणि एकही स्प्राइट वाढत नाही.

झाड खाल्लं गेलं की पडद्यावर लिहावं लागतं, आणि ते फक्त व्हीब्लँकमध्ये, म्हणजे एक फ्रेम काढून झाल्यावर पुढची सुरू होईपर्यंतच्या क्षणात. अमेरिकी-जपानी यंत्रावर त्यात प्रोसेसरच्या सुमारे २२७३ सायकल मिळतात. स्प्राइटची यादी पाठवण्यात ५१३-५१४ जातात. उरलेल्या वेळात एका फ्रेमला आठ झाडं बदलणं सुरक्षित आहे. जास्त असतील तर रांगेत ठेवून पुढच्या फ्रेमला लिहा, डोळ्याला कळत नाही. वेळ चुकली तर वावरभर कचरा टाइल उमटतात. लिहून झाल्यावर हेक्स (१६ च्या पायाच्या आकड्यांत) २००५ या रजिस्टरमध्ये स्क्रोल, म्हणजे चित्राची आडवी-उभी सरक, दोनदा परत भरा, नाहीतर अख्खं चित्र उडी मारतं.

रात्र झाली दाखवायला नवीन टाइल लागत नाहीत, गडद पॅलेटचा तक्ता पुरतो. काळ्यासाठी ०एफ हा रंगक्रमांक वापरा. ०डी काही टीव्हींचं चित्र बिघडवतो.

देवनागरीवर मात्र खर्च करा, अक्षरं नीट दिसायलाच हवीत. ८ × ८ मध्ये आकडे मावतात, मात्रा आणि उकार मावत नाहीत. म्हणून शब्दांना दोन टाइलची उंची द्या आणि शिरोरेघ प्रत्येक वरच्या टाइलच्या पाचव्या ओळीवर ठेवा, म्हणजे शेजारची अक्षरं आपोआप जुळतात. काना दोन पिक्सेल जाड हवा. एका पिक्सेलची उभी रेघ जुन्या टीव्हीवर रंग फेकते. पूर्ण वर्णमाला काढत बसू नका. ‘रात्र’, ‘गुण’, ‘रोही आले’ असे मोजके शब्द आखा. गुण एका बाइटमध्ये एक अंक असे ठेवा : या प्रोसेसरला भागाकार येत नाही आणि त्याची दशमान पद्धतही बंद केलेली आहे.

डब्याचा आवाज नॉइज चॅनलवर (यंत्राच्या खरखरीच्या आवाजाच्या वाटेवर) छान येतो. सुरांसाठी सावध राहा : अनेक क्लोनमध्ये (नकली यंत्रांत) सूर वाजवणाऱ्या पल्स चॅनलचे २५ आणि ५० टक्के रुंदीचे ठोके उलटे जोडलेले असतात, त्यामुळे इम्युलेटरवर बसवलेला सूर वेगळा वाजतो. वेगही तपासा. पाल टीव्हीसाठीचं क्लोन सेकंदाला ५० फ्रेम देतं, त्यामुळे रोही मंदावतात. म्हणून रोह्याचं स्थान दोन बाइटमध्ये ठेवा, एक पिक्सेलचा आणि एक त्याच्या अपूर्णांकाचा. ६० च्या यंत्रावर वेग हेक्स ०१०० असेल तर ५० वर ०१३३ द्या.

खऱ्या यंत्रावर चालू होताना रॅममध्ये काहीही असू शकतं. सुरुवातीला ती शून्याने भरा आणि दोन व्हीब्लँक थांबा.

कॅसेटसाठी २८सी२५६ आणि २८सी६४ या पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरी चिप लागतात. जिच्यात चिप काळ्या डांबरी थेंबाखाली झाकलेली असते ती कॅसेट उपयोगाची नाही, पायांच्या चिप असलेली शोधा आणि पायांचा क्रम बोर्डाशी ताडून पाहा. गेमची फाइल ४०,९७६ बाइटची असायला हवी. त्यातले पहिले १६ बाइट फक्त इम्युलेटरसाठी असतात. ते कापून पुढचे ३२,७६८ एका चिपवर आणि ८,१९२ दुसऱ्या चिपवर भरा.