तुम्ही विचारलंत म्हणून: बंगाली वाचायला सुरुवात कुठून करायची?

हा प्रश्न मला सतत येतो. विचारणारे बहुतेक जण रवींद्रसंगीतामुळे नाहीतर सत्यजित राय यांच्या सिनेमांमुळे बंगालीच्या नादी लागलेले असतात आणि त्यांना एखाद्या अॅपचं नाव हवं असतं. मी ‘वर्णपरिचय’ म्हणते, म्हणजे ईश्वरचंद्र विद्यासागरांचं मुलांना बंगाली अक्षरं शिकवणारं दोन भागांचं पुस्तक. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: अहो, १८५५ सालचं पुस्तक? म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकते.

ईश्वरचंद्र विद्यासागर म्हटलं की आपल्याला विधवाविवाह आठवतो. त्यांचं त्या विषयावरचं पुस्तक विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणलं होतं, तेव्हा ओळख जुनीच आहे. पण बंगाली घरात हा माणूस पोरांना भेटतो तो या दोन पातळ भागांतून. लेखकाच्या हयातीतच पहिल्या भागाच्या दीडशेच्या वर आवृत्त्या निघाल्या.

पुस्तकाची खरी गंमत धड्यांच्या आधीच, प्रस्तावनेत आहे. तोवर बंगालीत सोळा स्वर घोकत. विद्यासागरांनी दीर्घ ॠ आणि दीर्घ ॡ काढून टाकले, कारण बंगालीत ते वापरातच नाहीत. अनुस्वार आणि विसर्ग हे स्वर नव्हेत म्हणून त्यांना व्यंजनांत नेऊन बसवलं. क्ष म्हणजे क आणि ष यांचं जोडाक्षर, मग मूळ व्यंजनांत त्याचं काय काम? तोही बाहेर. राहिले बारा स्वर आणि चाळीस व्यंजनं. आपण आजही अं अः स्वरांच्या रांगेत म्हणतो आणि मुळाक्षरांच्या शेवटी क्ष, ज्ञ लावतो. संस्कृत कॉलेजचा प्राचार्य असलेला पंडित संस्कृतच्या वर्णमालेला इतक्या थंडपणे कात्री लावतो, हे मला फार आवडतं. (ऱ्हस्व ऌ मात्र त्यांनीही ठेवला. तो पुढच्या लोकांनी काढला.)

मग क्रम. अक्षरं झाली की आधी बिनमात्रेचे शब्द, आपल्या ‘छगन कमळ बघ’च्या जातीचे. त्यानंतर एकेक मात्रा, प्रत्येकीचा स्वतंत्र सराव, मग सगळ्यांची मिसळ. नंतर दोन-दोन शब्दांचे तुकडे: मोठं झाड, लाल फूल. मग छोटी वाक्यं. जोडाक्षरं? पहिल्या भागात ती शिकवतच नाहीत. त्यांच्यासाठी अख्खा दुसरा भाग आहे आणि तो ‘ऐक्य, वाक्य, माणिक्य’पासून सुरू होतो. एका पानावर एकच नवी अडचण. रवींद्रनाथांनी आठवणींत लिहिलंय की ‘कर, खल’च्या वादळातून नुकतेच काठाला लागले होते, आणि ‘जल पडे, पाता नडे’ वाचलं. पाणी पडतं, पान हलतं. त्यांच्या लेखी ती आयुष्यातली पहिली कविता.

हे क्रमाचं डोकं कुठून आलं, याचा माझा अंदाज असा. आठेक वर्षांचा ईश्वर वडिलांबरोबर मिदनापूरकडच्या बीरसिंह गावाहून पायी कलकत्त्याला निघाला होता. वाटेत मैलाचे दगड लागले. त्यानं विचारलं, बाबा, रस्त्याच्या कडेला हे पाटे का पुरलेत? त्या दगडांवरूनच तो इंग्रजी आकडे शिकला. कलकत्ता जवळ येईल तसे आकडे उतरत होते. वडिलांनी परीक्षा म्हणून सहावा दगड नजरेआड होऊ दिला आणि पाचवा दाखवला. पोरगं म्हणालं, इथं सहा हवा होता, चुकून पाच कोरलाय. ही हकीकत त्यांनीच आपल्या अपुऱ्या आत्मचरित्रात सांगितली आहे. कशानंतर काय यायला हवं, हे असं अंगात मुरलेलं असल्यावर बालवाचन दुसऱ्या कुणी लिहायचं!

धड्यांमधला उपदेश मात्र मला पचत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी गोपाळ येतो. आईबाप सांगतील ते करतो, मिळेल ते खातो, मिळेल ते नेसतो, हट्ट म्हणून नाही. त्याच्या मागून वांड राखाल. मुलांनी गोपाळ व्हावं, राखाल होऊ नये, असा सगळा मामला. पण खुद्द लेखक लहानपणी राखालच्याच वळणाचा होता, हे रवींद्रनाथांनी लिहून ठेवलंय. बंगालला गोपाळ पुष्कळ झाले, असे राखाल वाढले तर बरं, असंही ते म्हणतात. मोठेपणीही विद्यासागर कुठे ऐकणाऱ्यातले होते? वरिष्ठांशी पटलं नाही म्हणून १८४७ मध्ये संस्कृत कॉलेजची नोकरी सोडली, मित्राबरोबर छापखाना काढला. मुलींच्या पस्तीस शाळा काढल्या, सरकार खर्चाला नाही म्हणालं, तेव्हा १८५८ मध्ये प्राचार्यपदाचाही राजीनामा. पुढचं घर चाललं ते पुस्तकांच्या विक्रीवर, आणि विधवांची लग्नं लावताना झालेलं कर्जही त्याच मिळकतीतून फिटायचं होतं. गोपाळच्या धड्याचे पैसे राखालच्या उद्योगांना लागले म्हणायचे.

दुसऱ्या भागात भुवनची गोष्ट वाचाल तेव्हा जरा सांभाळून. मावशीनं पहिल्या चोरीला डोळेझाक केली, पुढे मुलगा अट्टल चोर झाला, फाशीची शिक्षा झाली. शेवटचं काही सांगायचंय म्हणून त्यानं मावशीला जवळ बोलावलं आणि तिचा कान चावून तोडला. जोडाक्षरं शिकणाऱ्या लेकरांसाठी! माझ्याकडे शिकायला येणारी मोठी माणसंसुद्धा तिथे थांबून माझ्याकडे बघतात.

तर पुस्तक घ्या, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. यातली क्रियापदं बरीचशी साधुभाषेतली, म्हणजे जुन्या ग्रांथिक बंगालीतली, ‘करितेछे’ थाटाची आहेत. आजचे बंगाली ‘करछे’ म्हणतात, तेव्हा इथून लिपी उचला, बोलणं नको. आणि पहिला भाग अडखळल्याशिवाय वाचता येईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. कोलकात्याला कुणी निघालं असेल तर कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकबाजारातून दोन्ही भाग आणायला सांगा. जाडी इतकी कमी आहे की सामानात कळणारही नाहीत.