तुम्ही विचारलंत म्हणून: सुपारीचीच वाटी का?

मी सुपारी कातून केलेली रुपयाच्या नाण्याएवढी वाटी तळहातावर घेऊन लोक आधी ती उलटी करून बघतात, मग वास घेतात आणि विचारतात, "लाकूड कुठलं?" सुपारी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "का हो, लाकूड संपलं का जगातलं?" परवा दाताच्या डॉक्टरांनीही विचारलं, तेही माझं तोंड उघडं असताना. म्हणून आता एकदाच सविस्तर सांगते.

सुरुवातीचं कारण अगदीच घरगुती आहे. माझा लेथ, म्हणजे वस्तू गरगर फिरवून कातायचं यंत्र, छोटा, बाल्कनीत मांडलेला. बाभळीचा तुकडा लावला की खालच्या मजल्यावरून फोन यायचा. शिवाय लाकूड मला धड जमतही नव्हतं. लाकडाला रेषा असते, तंतू एकाच दिशेनं गेलेले असतात. वाटी फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा हत्यार रेषेच्या उलट जातं आणि तिथले तंतू उपटून येतात. ते टाळायला हात मुरावा लागतो, आणि माझा मुरला नव्हता.

सुपारीला रेषाच नसते. ती खोडाचा तुकडा थोडीच आहे, ती बी आहे. कोंबासाठी बांधून दिलेली शिदोरी. तिच्या गरातल्या पेशींच्या भिंती जाड होतात, सगळा गर टणक होतो, पण त्यात उपटून यायला तंतू नसतात. हत्यार कुठल्याही बाजूनं लावा, काप सारखाच येतो. माझ्या वाट्यांच्या गुळगुळीतपणाचं कौतुक होतं तेव्हा मी मान खाली घालून हसते. लोकांना तो विनय वाटतो.

नक्षीही माझी नाही. बियांचं तपकिरी साल जागोजागी पांढऱ्या गरात शिरलेलं असतं, त्याच्या त्या संगमरवरी रेघा. श्रीवर्धनी रोठा जातीच्या सुपारीत पांढरा गर जास्त, म्हणून मला तीच लागते. पण ती पूर्ण पिकलेली आणि खडखडीत वाळलेली हवी. कोवळी सुपारी सुकताना आक्रसते आणि मधोमध फटते.

काम असं: बूड काचपेपरवर सपाट करायचं, फेव्हिक्विकनं लाकडाच्या ठोकळ्याला चिकटवायचं, ठोकळा चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरायचा. वस्तू लहान असली की कडेचा वेगही कमी पडतो, म्हणून लेथ जोरात फिरवावा लागतो. पटाशी इथे उपयोगाची नाही. वर्कशॉपवाले वापरतात त्या हायस्पीड स्टीलच्या टूल बिटला, म्हणजे कापायच्या पोलादी कांडीला, मी गोल धार लावून घेतली आहे. बाहेरून आकार, मग आतून पोखरणं, भिंत दीड मिलिमीटरवर आली की थांबायचं. मोह होतो अजून थोडं घ्यायचा. त्या मोहाचे तुकडे एका बरणीत साठवले आहेत, बरणी भरत आली आहे. शेवटी काचपेपर आणि मेण. मास्क मात्र कधीच काढायचा नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारी कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. ते खाण्याबद्दल आहे, पण तो भुगा नाकात जाऊ द्यायला मी तयार नाही. याच कारणानं या वाटीतून खायचं-प्यायचं काही नाही. कोरडं कुंकू ठेवा, फार तर चार अक्षता. माझ्या बहिणीनं एकदा पाणी घालून त्यात चाफ्याची कळी ठेवली होती. सकाळी पाणी विटकरी आणि वाटी मऊ.

बजरबट्टूच्याही वाट्या करते. लहान मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तोच. श्रीताडाचं बी ते. ते झाड तीसेक ते ऐंशी वर्षांत एकदाच फुलतं, फळतं आणि मरतं. गर हस्तिदंतासारखा शुभ्र, रेघ एकही नाही. दिसायला देखणा, पण मला जरा कंटाळवाणाच वाटतो. करवंटीचं उलट आहे. तिची वाटी निसर्गानं आधीच करून ठेवली आहे, वर ती कधीच पुरती गोल नसते, लेथवर नुसती हेलकावे खाते. अधूनमधून कुणीतरी हळूच सांबरशिंग आणून देतं, "जंगलात पडलेलं मिळालं" म्हणत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गळून पडलेलं शिंगही येतं. मी हात लावत नाही.

सुपारी येते दिवेआगरहून, आत्याच्या वाडीतून. तिला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, जिला आपण गणपती म्हणून पुजतो, तिला यंत्रावर घालतेस?" दोन दिवसांनी तिचाच फोन आला. पूजेतली सुपारी घ्यायची नाही, बाकीची चालेल. तिनं कुणाला विचारलं की स्वतःच ठरवलं, मी विचारलं नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ तिथेच जमिनीवर आलं. वाडीतल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, काड्यांसारख्या मोडल्या. सत्तरातल्या नऊ उरल्या. माळ्यावर आधीच्या हंगामाचं अर्धं पोतं होतं, ते आत्यानं मला पाठवलं. "विकून किती येणार? तू कर काय ते." पुढची पाच वर्षं मी त्या पोत्यावर काढली, मोजून, महिन्याला तीन. नवी पोफळ फळायला तेवढा काळ लागतोच.

यंदा नव्या झाडांची पहिली सुपारी आली. अठरा नग, आकारानं जरा लहान. पिशवीत चिठ्ठी होती: आधी एक देवापुढे ठेव.

ठेवली. सतरा डब्यात आहेत.